तोंड कुठे पळून जातंय?

हे मी घरात बोलले नाही, बहिणीजवळ नाही, देवापुढेसुद्धा नाही. आणि मी काही मुखदुर्बळ बाई नाही हो! एरंडोलच्या पुढे एका गावात मुख्याध्यापिका आहे. माझा आवाज ग्राउंडच्या पार टोकाला ऐकू जातो. पण ही एक गोष्ट घशाशी येते आणि – तिथेच अडकते.

आमच्या शाळेच्या फाटकावर बोर्ड आहे. 'तंबाखूमुक्त शाळा.' तुम्ही आलात तर आधी तोच दिसेल. मलाही रोज तोच दिसतो. आत शिरायला दुसरा रस्ता नाही.

भास्कर नाना आमचे शिपाई. तंबाखू मळत मळतच घंटा द्यायचे म्हणा ना. मी ओरडायचे, ते हसायचे, पुडी खिशात जायची. मग एकदा त्यांनी डब्यातला ठेचा सोडला. तोंडात आग होते म्हणाले. कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा नको म्हणणारा माणूस आमच्या भागात सापडतो का कुठे? आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, उभी तीन बोटं तोंडात गेली पाहिजेत, नाही गेली तर तंबाखूने तोंड आखडायला लागलंय समजायचं. मी गंमत म्हणून नानांना करून बघायला लावलं. दोन बोटांवरच अडलं. नाना हसले. मी – मीही हसले. पण मला कळलं होतं. लपवाछपवी पुरे झाली – मला तेव्हाच कळलं होतं.

पुढे फाटकावरच्या त्या बोर्डासाठी पाहणी ठरली. त्याच दिवशी तालुक्याचे दातांचे डॉक्टर सगळ्यांची तोंडं तपासणार होते. शाळेत तंबाखू खाणारा सापडला की बोर्ड गेला. शेजारच्या गावाला मिळाला होता, आणि मला – काय सांगू – तो हवाच होता. आदल्या दिवशी नाना आपणहून माझ्याकडे आले. घाबरलेले होते. "बाई, मी भी तोंड दखाडू का डॉक्टरले?"

आणि मी काय म्हणाले? "दाखवू की नंतर! तोंड कुठे पळून जातंय? उद्या धुळ्याला लेकीकडे जाऊन या." लेकीचं नाव काढल्यावर खुशीत गेले बिचारे.

ज्या एका माणसासाठी ते डॉक्टर यायला हवे होते, त्यालाच मी गावाबाहेर धाडलं. कशासाठी? पत्र्याच्या तुकड्यासाठी!

बोर्ड मिळाला. पेढे वाटले, फोटो झाले. ते 'नंतर' मात्र मी कधी आणलंच नाही. नानांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मला तेच सोयीचं होतं. गालात जखम झाली तेव्हा लेक त्यांना घेऊन गेली. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, अर्धा जबडा गेला. मी भेटायला गेले तर त्यांच्या बायकोने माझ्यासाठी वेगळा, साखर कमी घालून चहा केला. माझी आवड तिला माहीत आहे. तो चहा मी कसा प्याले, मला माहीत.

परवा नाना स्वतःच म्हणाले, पोरांशी बोलतो. परिपाठाला तोंडाला रुमाल धरून उभे राहिले. शब्द नीट फुटेनात. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मी माईक घेतला. ते बोलायचे, मी पोरांना सांगायचे.

"तपासणीना दिन मी सुटी लिधी, पोरेसहोन," नाना म्हणाले. "मन्ही चूक शे."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. विसरले? की मला झाकलं? मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. बघवलं नाही.

सगळी शाळा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी माईक जवळ घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं – "नाना म्हणतात, तपासणीच्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली. चूक त्यांची आहे."

टाळ्यांना सुरुवातही मीच केली.