पाणी फक्त औट झालेल्यांना

विचुंब्याच्या मैदानावर दर रविवारी आमची टेनिस बॉलची मॅच असते आणि अंपायर कायम तेच काका असतात. काखेत पाण्याची बाटली. ती ते स्वतः उघडत नाहीत, आम्हालाही आमची उघडू देत नाहीत.

"पानी पिला का पाय जड होतान. औट झाला का पियाचा, त्याच्या आदी नाय."

हा शुद्ध मूर्खपणा आहे, पण हुज्जत घालायची कोणाची टाप नाही. गावात अंपायरनं दिलं ते दिलं.

मे महिन्यातल्या फायनलला, भर दुपारी, मी बॅटिंगला होतो. जिंकायला चार रन हवे होते. बॉलर धावत निघाला, मध्येच चालायला लागला आणि बॉल हातात धरून ओणवा उभा राहिला. काकांनी त्याला नीट न्याहाळलं आणि बोट वर केलं.

"काका, मी बॉलर हाय!"

"औट हाय तू. जा, पानी पी."

तो मान खाली घालून गेला. मग पायात गोळे आलेला विकेटकीपर औट झाला, सावली शोधत बाउंड्रीवर बसलेला फिल्डर औट झाला, पाठोपाठ उरलेले सगळे. अपील कोणीच केलं नव्हतं.

आता काकाच झोकांड्या खात होते. त्यांनी स्वतःच्या छातीकडे पाहिलं, बोट वर केलं, निर्णय पटला नसल्यासारखे क्षणभर थांबले आणि निमूट बाहेर जाऊन अख्खी बाटली घटाघट प्यायले.

मैदानात आम्ही दोघं बॅट्समन उरलो. घशाला कोरड पडलेली, आणि आम्हाला औट द्यायला कोणीच नाही.