ठमीला नेलं ती सकाळ

बाळापुरात मन नदीच्या अंगाला ओमप्रकाशचं भाजीचं वावर आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेला चार ओळी फुलकोबीच्या. सातबाऱ्यावर नाव ओमप्रकाशचं, पण त्या वावरात राबते ती त्याची बायको शकुन. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सकाळी तिथं वाकते ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. जुड्या बांधायच्या, पाण्यात बुचकळायच्या, ओल्या पोत्याखाली झाकायच्या. मग ओमप्रकाश त्या मोटारसायकलवर लादून बाजारात नेतो. बोलायला शकुन फटकळ. गल्लीतल्या बाया तिच्याशी जपूनच बोलतात. पण कोणाचं लेकरू किरकिरायला लागलं की तिच्याच ओट्यावर आणून ठेवतात. लेकरं तिच्यापाशी गप्प होतात. का होतात, ते तिलाही सांगता येत नाही.

तिची एकुलती लेक करिश्मा नर्स झाली आणि मेळघाटातल्या एका उपकेंद्रावर लागली. जवाई चंदन कंपनीच्या कामानं कायम फिरतीवर. पोरगी झाली, रजा संपली, आणि सहा महिन्यांचं ते गाठोडं घेऊन करिश्मा माहेरी आली.

"थोड्या दिवसांचीच गोष्ट हाये, आई. तिथं गळते घर, अन् लेकराले धरायले कोणी नाई. बदली झाली की नेतो मी तिले."

"ठेव न," शकुन म्हणाली. "एवढं काय त्यात?"

थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली. पोरीचं नाव तनुजा. पण ठुमकत चालायला लागली तशी ती साऱ्या गल्लीची ठमी झाली. मेथीच्या वाफ्यांमधल्या पाटात पाय बुडवून बसायची. झोपताना शकुनच्या कानाची पाळी बोटांत धरायची आणि झोप लागली तरी सोडायची नाही. करिश्मा सुट्टी मिळेल तशी यायची. ठमी तिला मम्मी म्हणायची, तिनं आणलेला खाऊ खायची, आणि डोळे जड झाले की उठून आजीच्या वाकळीत शिरायची. करिश्मा भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. शकुनला ते दिसत नव्हतं असं नाही. पण निजायला आलेल्या लेकराला ढकलून द्यायचं तरी कसं?

मग या जानेवारीत बदली झाली. अमरावतीत. साईनगरात दोन खोल्या मिळाल्या, गल्लीतच पाळणाघर होतं, आणि चंदननं एक जुनी गाडी घेतली. दोघं ठमीला न्यायला आले, ते मागच्या सीटवर लेकराची एक वेगळी सीट बसवूनच.

"मामी, हे पाहून ठेवा," चंदन सासूला दाखवायला लागला. "दोन पट्टे खांद्यावरून, दोन कमरेवरून, मधात हे बकल. खट् वाजलं पायजे. मग खालचा हा पट्टा वढायचा."

शकुन जवायासमोर डोक्यावरचा पदर सावरून उभी होती. "अन् एवढं बांधून ठेवाचं लेकराले?" ती म्हणाली. "गुन्हा केला का तिनं काही?"

चंदन हसला. करिश्मा हसली नाही. तिनं ठमीला उचलून सीटमध्ये बसवलं. हातात बिस्कीट होतं तोवर ठमी खुशीत होती. पट्टा ओढल्याबरोबर तिनं असा टाहो फोडला की ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. शकुननं पुढं होऊन बकल दाबलं आणि तिला काढून कडेवर घेतलं.  करिश्मा नुसती त्या रिकाम्या पट्ट्यांकडं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं ठरलं, म्हणजे ठमी गाडीत झोपून जाईल. त्या आठवड्यात थंडी अशी पडली होती की बादलीतल्या पाण्याला हात लावला तर बोटं ठणकायची. नदीकडून वारा येत होता. शकुननं झोपेतल्या ठमीला एकावर एक कपडे चढवले, पायमोजे, कानटोपी आणि वरून अकोल्याहून आणलेलं गुबगुबीत गुलाबी जाकीट. ते जाकीट तिनं दिवाळीच्या बाजारातच घेऊन ठेवलं होतं. दारात गाडी चालू होती. शेजारची पार्वताबाई शाल गुंडाळून निरोप द्यायला आली होती. ओमप्रकाश डिक्कीत फुलकोबी आणि मेथी ठेवत होता.

"आई, जाकीट काढ तिचं," करिश्मा म्हणाली.

शकुनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"जाकीट काढून बसवा लागते. वरून पांघरूण घालू."

"येडी झाली का तू? एवढ्या हिवात लेकराच्या अंगावरचं काढू? लोकं घालतात व, काढत नाई कोणी."

"जाकिटावरून पट्टा घट्ट दिसते, आई. पण आतमंधी सारा कापूस असते. धक्का बसला की कापूस दबते, पट्टा ढिला होते, अन् लेकरू सुटते त्यातून."

पार्वताबाई मध्ये पडली. "मी म्हणतो, हे कशाले पायजे? मायच्या मांडीवर बसून साऱ्या जगाची लेकरं जातात."

"तेच तं," शकुन म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "करिश्मा, मी येतो न तुमच्या संग. मांडीवर घेऊन बसतो तिले. पोचवतो अन् वापस येतो एस्टीनं. तिले समजणार बी नाई."

"अन् तू वापस निघशीन तवा? तिथं हेच होईन. दोनदा तोडाचं का तिले?"

 शकुननं ठमीला आणखी छातीशी धरलं. करिश्मानं हात पुढं केले होते, ते मागं घेतले. मग ती बोलायला लागली, कोणाकडं न पाहता.

"मागच्या हिवाळ्यात आमच्या इथं एक लेकरू आणलं होतं. जीपमंधी मायच्या मांडीवर होतं. जीप उलटली नव्हती, आई. कोणाले धडकली बी नव्हती. नुसता जोरात ब्रेक लागला. त्या मायले साधं खरचटलं बी नव्हतं. ती मले सारखी सांगून राहिली होती, म्या घट्ट धरलं होतं व ताई. म्या घट्ट धरलं होतं."

 गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं. पार्वताबाईनं शाल तोंडाशी धरली. लेक एवढं पाहून बसली होती आणि आजवर एका शब्दानं बोलली नव्हती, हे शकुनला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

करिश्मानं ठमीला घेतलं. जाकिटाची चेन उघडताच थंडीनं पोरगी खडबडून जागी झाली. ओळखीची वाकळ नाही, आजीचा कान नाही. समोर उघडं दार आणि आत ती सीट. तिनं अंगाची कमान केली. पाय ताठ केले. करिश्मा एक हात पट्ट्यात घालायची तोवर दुसरा सुटायचा. चंदननं दुसऱ्या बाजूनं येऊन खांदे धरले तर ठमीला खोकल्याची उबळ आली. "आजी! आजी!" एवढंच ती ओरडत होती. जाकीट निघाल्यावर तिचे ओठ थंडीनं थरथरत होते.

शकुन दोन हात अंतरावर उभी होती. तिचे हात आपोआप पुढं जायचे आणि ती ते पदराखाली दाबून धरायची.

शेवटी करिश्मा गाडीतून बाहेर आली. केस सुटलेले, डोळे लाल.

"माह्यानं नाई होत," ती म्हणाली. "आई, तूच बसव तिले."

"मी?"

"तुह्याशिवाय नाई ऐकणार ते."

शकुननं ओमप्रकाशकडं पाहिलं. तो खाली पाहत होता. जवाई बाजूला झाला. तिला कुठंतरी जावंसं वाटलं, वावरात, नदीवर, कुठंही. पण लेकरू हिवात कुडकुडत होतं आणि त्याला उघडं ठेवून उभं राहणं तिला जमणार नव्हतं.

ती वाकून आत शिरली. ठमीनं तिला पाहिलं आणि तिचं अंग एकदम सैल पडलं. हुंदके चालू होते, पण पाय मऊ झाले. शकुननं तिला मागं सरकवलं, कंबर पार सीटला टेकवली. एक हात पट्ट्यात घातला, मग दुसरा. ठमीनं स्वतःच हात उचलून दिला, सदरा घालताना द्यायची तसा. चंदन बाहेरून सांगत होता, "पट्टा पिळू नका मामी, सरळ ठेवा. हां. आता बकल." बकल बसेना. शकुनची बोटं गारठली होती. तिनं त्यांना तोंडाची वाफ दिली, पुन्हा दाबलं. खट् वाजलं. "आता खालचा पट्टा वढा. अजून. अजून थोडा." ती ओढत गेली. पट्टा त्या एवढ्याशा छातीवर बसत गेला. "चिमटीत येते का पाहा खांद्यापाशी." नाही आला. घट्ट झालं होतं.

ठमी तिच्याकडं पाहत होती. एका हातानं तिनं आजीचा कान शोधला आणि दुसऱ्या हातानं बाजूच्या जागेवर थोपटलं.

"आजी, बस."

शकुननं अंगावरची शाल काढली, पट्ट्यांवरून तिच्या गळ्यापर्यंत पांघरली, पायांखाली खोचली. जाकीट उलटं करून तेही मांडीवर टाकलं.  साऱ्या गल्लीला तोंडावर बोलणारी ती बाई, तिला त्या लेकराला खोटंही सांगता येईना आणि खरंही. तिनं कानावरची बोटं एकेक करून सोडवली आणि बाहेर आली. करिश्मा आत बसली. दार लागलं.

काच बंद होती तरी रडणं ऐकू येत होतं, गाडी वळेपर्यंत.

"अमरावती काय लांब हाये व?" पार्वताबाई म्हणाली. "सकाळचं जाऊन संध्याकाळी येता येते."

त्या दिवशी तेच सगळ्यांनी ऐकवलं. बाजारातल्या गिऱ्हाइकांनी ओमप्रकाशला ऐकवलं, नणंदेनं फोनवर ऐकवलं. पोरगी मायजवळ गेली, चांगलंच झालं. हो, चांगलंच झालं. शकुन मेथी उपटत राहिली. मूर्तिजापूरहून करिश्माचा फोन आला. बोरगाव मंजूपर्यंत रडली, म्हणाली, आता झोपली.

"हातपाय थंडे तं नाई पडले?"

"नाई आई. तुही शाल हाये न."

पुढचे दिवस वाईट गेले. व्हिडिओ कॉलवर ठमी आधी मोबाइल हातात धरून त्याच्या मागं आजी आहे का पाहायची, मग रागानं तोंड फिरवायची. नंतर तर समोरच येईना. एकदा करिश्मा रडत सांगू लागली, "जेवत नाई, आई. माहा कान धरू देतो म्हटलं तं हात काढून घेते. स्वतःचाच धरून झोपते."

"मी येतो उद्या."

"नको न व. पाया पडतो तुह्या. तू आली की सारं पयल्यापासून."

शकुननं भरलेली पिशवी खुंटीला टांगली. लेकीचं बरोबर होतं. तेच तर सोसवत नव्हतं. कोणी चुकलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती ती.

होळी झाल्यावर करिश्मानंच बोलावलं. शकुन एस्टीनं गेली. ठमी आधी मम्मीच्या मागं लपली. दुसऱ्या दिवशी जवळ आली, मांडीवर बसली, पाळणाघरातलं एक गाणं म्हणून दाखवलं. झोपायच्या वेळी मात्र उठून आईच्या अंगावर पाय टाकून झोपली. शकुन अंधारात जागी होती. करिश्माचा हात लेकराच्या पाठीवर होता. कधी नव्हे ती शांत झोपली होती करिश्मा.

तिसऱ्या दिवशी चंदननं शकुनला स्टँडवर सोडलं. ठमीनं गॅलरीतूनच टाटा केला आणि गाडी वळायच्या आधीच आत पळाली. शकुन घरी पोचली तेव्हा ओमप्रकाश दुसऱ्या दिवशीच्या जुड्यांसाठी सुतळी तोडत बसला होता.

"रडली काय पोरगी?" त्यानं विचारलं.

"नाई."

"मंग बरं झालं."

"हो," शकुन म्हणाली, आणि पदर खोचून सांबाराचं पोतं सोडायला बसली.