मामाची फुलांची पेटी

धुळ्यात भाचीच्या लग्नात मी पहिल्याच मंगलाष्टकाला सगळी फुलं पाडली. माळ घालायची वेळ अजून लांब होती.

भाचीनं माझ्याकडे एकच मागणी केली होती. "मामा, दुसरं काही नको. माळ घालताना वरून फुलं पडायला हवीत." ताई म्हणाली, दोघांना टोपल्या देऊन वर उभं करू. पण मी जळगावला कारखान्यांतल्या मशीनचे प्रोग्रॅम करतो. टोपलीनं माझं समाधान कसं होणार? मी पेटी बनवली. आत झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, तळाला मोटरवर उघडणारी झडप, आणि गुरुजींच्या माइकला जोडलेला लॅपटॉप.

कॉम्प्युटरवर आधी तिच्या कामाचं चित्र काढलं. एक चौकट ‘थांब’, दुसरी ‘फुलं पाड’, मधे बाण. बाणावर लिहिलं: ‘सावधान’ ऐकू आलं की जा. अशा बाणावर चौकोनी कंसात एक अट घालता येते, तिला गार्ड म्हणतात. घटना घडली तरी अट पुरी झाल्याशिवाय गार्ड पुढे सोडत नाही. तिथे ‘शेवटचं मंगलाष्टक असेल तरच’ एवढंच सांगायचं होतं. पण शेवटचं कोणतं, हे यंत्राला कळावं कसं? मुहूर्ताची वेळ घालावी, तर आमच्याकडे मुहूर्त वरातीत नाचण्यातच निघून जातो. मंगलाष्टकं मोजावीत, तर ऐनवेळी एखादी आत्या स्वतः रचलेलं घेऊन माइकपाशी येते. बघू नंतर, म्हणून कंस रिकामा ठेवला. मग घरी तपासणी केली. मी एकदा ‘सावधान’ म्हणालो, फुलं पडली, बायकोनं टाळ्या वाजवल्या. कंस मी विसरून गेलो.

लग्नात मामा म्हणून मी भाचीच्या मागे उभा, समोर अंतरपाट. गुरुजींचं पहिलं मंगलाष्टक संपलं, ‘सावधान’ आलं, आणि वर टांगलेल्या पेटीनं भडाभडा पोट मोकळं केलं. सोबत स्पीकरवर सनई सुरू झाली. ती कल्पनाही माझीच. लोकांना वाटलं, लग्न लागलं. एरवीसुद्धा शेवटच्या अक्षता हवेत असतानाच निम्मा मंडप उठतो, त्यात वरण-बट्टीचा वास सुटलेला. मागच्या रांगा जेवणाकडे निघाल्यासुद्धा. अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेवानं विचारलं, "झालं का?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ताईनं त्यांच्या हातातला माइक घेतला. "बठ्ठा बसा, सगळेच्या सगळे. लगीन अजून लागनं नही. जेवण कुठे पळून जात नही." लोक हसत परतले.

भाची मान न वळवता हळूच म्हणाली, "मामा, आता माळ घालताना काय पडणार?"

पेटी रिकामी, आणि मला जागा सोडता येईना. मी खाली वाकलो आणि तिच्या पायाशी पडलेल्या पाकळ्या गोळा करू लागलो. ते बघून तिच्या मैत्रिणी वाकल्या, नवरदेवाच्या मावश्या वाकल्या, भडगावहून आलेले वऱ्हाडी टोपीत नि पदरात पाकळ्या भरून रांगांमधून वाटू लागले. गुरुजींनी चाल मुद्दाम संथ केली. मधेच एक आत्या आपलं मंगलाष्टक घेऊन आलीच. ते संपता संपेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते फार आवडलं.

शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट सरकला, आणि चारी बाजूंनी फुलं आली. तिच्या केसांत, नवरदेवाच्या फेट्यावर, गुरुजींच्या उघड्या तोंडात. भाची इतकी हसत होती की माळ आधी नवरदेवाच्या कानाला अडकली.

जेवताना मी नवरदेवाच्या आजींना तूप वाढत होतो. भाची शेजारीच बसली होती.

"तुम्ही नोकरीत काय करता?" आजींनी विचारलं.

"मशीननं कधी काय करायचं, ते ठरवतो."

आजींनी बट्टी कुस्करता कुस्करता नव्या सुनेकडे पाहिलं. "पोरी, बारशाचं काम ह्या मामाला सांगू नको. हा बाळ व्हायच्या आधीच पाळणा हलवेल."