पदरातली लीद

मी टोपली आणली नव्हती. कारकून म्हणाला, "पदर आहे ना? त्यात भर."

भरली. साहेबाच्या घोड्याची लीद. ओली, कोमट. मानपाड्याच्या आंबराईत जंगल खात्याच्या साहेबाचा तंबू पडला होता. नवरा पटकीनं गेल्यावर मी माहेरी परतलेली. शेजारी माझा म्हातारा बाप हात जोडून उभा. शिपाई फिदीफिदी हसत होते. मला किळस आली. लिदीची नाही, त्या हसण्याची.

बाप राबासाठी परवानगी मागायला आला होता. थंडीत ऐनाच्या फांद्या छाटून वाळवायच्या, उन्हाळ्यात भाताच्या वाफ्यावर पसरून जाळायच्या, तो राब. त्यानं तण मरतं, माती भाजते, मग रोप धरतं. रोप नाही तर वर्षभर चूल थंड. पण आता जंगल वाचवायचा कायदा आला होता. फांदीला हात लावायचा नाही.

"झार मरत नाय, रावसाहेब," बाप म्हणाला. "फांदी छाटली का परत फुटते."

"राब बंद. शेण घाल," कारकून म्हणाला.

"येकच म्हस हाय. तिचा शेन कवरा पुरल?"

कारकुनानं घोड्याकडे बोट दाखवलं. "ही ने. राब पाहिजे ना? मग राबा."

स्वतःच्या विनोदावर तोच आधी हसला.

ती लीद आम्ही वाफ्यात घातली. पाऊस पडला आणि वर आलं ते घोड्याच्या पोटातल्या बियांचं गवत. भात त्यात पिवळं पडून बसलं. त्या साली आम्ही रानातले कडू कंद उकडून खाल्ले. बाप निम्मा झाला.

आणि झाडं? ज्यांच्या मालकीची होती त्यांनी, उद्या सरकार घेईल या धास्तीनं, बुडातून तोडून वखारवाल्याला विकली. फांदी वाचवायला निघाले आणि डोंगर बोडका केला. साहेबाच्या तंबूपुढे मात्र ऐनाचेच ओंडके जळत होते. थू.

पुढच्या माघात तंबू परत आला. कारकुनानं मला बांधावर पाहिलं.

"अगं ए, घोडे आलेत. पदर घेऊन ये."

"नाय येनार."

"मग खाशील काय?"

घरातून कोयता आणला, पदर खोचला आणि त्याच्या डोळ्यांदेखत आमच्याच बांधावरच्या ऐनावर चढले. पहिली फांदी खाली पडली तेव्हा बाप म्हणाला, "बाय, उतर. धरून नेतील."

नेलं. ठाण्याच्या तुरुंगाकडे निघताना बापाला एवढंच सांगितलं, "फांद्या वालल्या का पेटव. भर दुपारी. लपून नको."

त्यानं राब पेटवला. रोप धरलं.

सुटून आले. दर वर्षी छाटते, दर वर्षी पेटवते, भर दुपारी. नेतील तेव्हा नेतील. लीद पुन्हा उचलणार नाही.