पुसायला नकार

ऑफिसात त्यांना सगळे खात्रीवहिनी म्हणत. काम कॉम्प्युटरच्या आज्ञांची माहिती लिहिण्याचं, पण स्वतः करून पाहिल्याशिवाय एक ओळ लिहितील तर शपथ! नवरा ‘जेवलो’ म्हणाला, तरी पातेलं उघडून बघणार.

त्या दिवशी फायली पुसणाऱ्या आज्ञेची पाळी होती. ‘विचारू नकोस, असं बजावलं की ती मुकाट पुसते,’ असं लिहून वहिनी एक रिकामा फोल्डर पुसून बघायला बसल्या. आज्ञेपुढे आधी तिरकी रेघ, तिला चिकटून फोल्डरचं नाव लिहायचं होतं. पण मध्ये चुकून मोकळी जागा पडली, आणि नुसती तिरकी रेघ म्हणजे अख्खा कॉम्प्युटर! एंटर दाबल्यावर ते दिसलं. वर्षभराचं लिखाण त्यातच होतं.

पडद्यावर ओळ उमटली: ‘हे धोक्याचं आहे. करणार नाही.’

वहिनींनी हात जोडले.

“काय वहिनी, आता कॉम्प्युटरच्या पाया पडताय?” शेजारच्या टेबलावरचे दादा खिदळले.

“त्याच्या नाही हो. माझी चूक माझ्या कितीतरी आधी ज्याला दिसली, ही आज्ञा बनवणाऱ्या त्या माणसाच्या!”

मग त्यांनी वाक्य पुढे वाढवलं: ‘मात्र अख्खा कॉम्प्युटर पुसायला सांगितलं, तर ती ऐकत नाही.’

“खात्री केलीत?” दादांनी डोळे मिचकावले.

वहिनींनी वर्षभराचं लिखाण उघडून जागेवर आहे ना ते पाहिलं. “पुरेपूर,” त्या म्हणाल्या.