रिकाम्या हातातलं लोखंड

होकायंत्राचा काटा माझ्या तळहाताकडे वळला आणि तिथंच थरथरत राहिला. हात रिकामा होता.

"मावशी, लोखंड कुठाय? खरं सांगा!" साहेब ओरडले.

"काही नाही साहेब. ही बघा बोटं."

बोटं पसरली, तर तळव्यावर ओला लाल गंज. वास घेतला... खारा.

भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. अंगात येणाऱ्या बायकांना मी तोंडावर सांगते, घरची कामं चुकवायला घुमू नका. चौथी शिकलेय. जे झालं तेवढंच लिहिते.

श्रीवर्धनच्या अलीकडे, सुपारीच्या बागांच्या वर, टेकाडावर चुंबकीय वेधशाळा आहे. तिथं मी झाडलोट करायचे. पृथ्वीचं चुंबक दिवसभर कसं हलतं, त्याची रेषा यंत्र काढतं. म्हणून आत लोखंड न्यायचं नाही. खिळे पितळेचे. केरसुणीसुद्धा काथ्यानं बांधलेली. फाटकापाशीच मी केसांचे आकडे, पदराची पिन, मंगळसूत्राला अडकवलेल्या सगळ्या सेफ्टी पिना लाकडी डब्यात काढून ठेवायचे.

सूर्यावर काही उसळलं की ती रेषा वेडीवाकडी होते. त्याला तिथले लोक वादळ म्हणतात. हे मला पहिल्या वर्षी कुठं ठाऊक! साहेब म्हणाले, "उद्या मोठं वादळ," आणि मी घरी जाऊन नवऱ्याची होडी अडवली. समुद्र ताटासारखा सपाट. सगळी वाडी मासळी घेऊन आली, आमचीच होडी वाळूवर. तेव्हापासून धाकटा दीर येताजाता विचारायचा, "वैनी, तुजं वादल कवा येतंय गो?" नवराही हसायचा. मी तो शब्द घरी काढणंच सोडलं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी फाटकातून निघताना साहेब म्हणाले, "मावशी, उद्या सकाळी वादळ आहे हं." मी मान हलवली. घरी गप्प बसले. पहाटे दोघा भावांना भाकऱ्या बांधून दिल्या. वाडीत मोबाइलवर इशारा आला तोवर होडी लांब गेली होती, हे मला नंतर कळलं.

सकाळी पावणेदहाच्या सुमारास मी यंत्राच्या खोलीत एकटीच झाडत होते. साहेब होकायंत्र घेऊन धावत आले. "रेषा उडाली! यंत्राजवळ मोठं लोखंड आणलंय कुणीतरी!" त्यांनी कोपरे पाहिले, माझी केरसुणी पाहिली, मग ते होकायंत्र माझ्यासमोर धरलं. पुढचं वर लिहिलंच आहे.

गंज बघून त्यांनी होकायंत्र मागं घेतलं. मी म्हटलं, "वादळ असेल साहेब. कालच म्हणालात ना."

"अहो, ते वाऱ्याचं! समुद्रातलं! तुमची माणसं जातात म्हणून तर सांगितलं..."

त्या खोलीला खिडकी नाही. दार उघडलं, तर माड जमिनीला टेकत होते. मी तशीच किनाऱ्याकडे पळाले.

दुपारी दुसऱ्या होडीवाल्यांनी दिराला आणलं. ओठ निळे पडलेले. म्हणाला, "वारा सुटला नि होडी पलटी झाली वैनी. दादाचा पाय नांगराच्या दोरात अडकला... नांगराला दोन्ही हातांनी धरून वर खेचत होता. मी बगत होतो. मना जाता न्हाय आला."

नंतर साहेबांनी ती रेषा दाखवली. एकदम वर गेलेली, थोडा वेळ तिथंच, मग पुन्हा सरळ. यंत्र तपासलं, बिघाड नव्हता. त्यांना माहीत नाही ते काय होतं, मलाही नाही. जाणकार असाल तर सांगा... पण माझी समजूत काढायला म्हणून काही लिहू नका.

घरी बोलले असते तर दोघं हसले असते. हसू द्यायचं होतं.

होडीत दोघंच होते. दीर वाचला.