उस्तादांचं डावं पाऊल

तह झाला आणि कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन फौजा मोडून देशाचं एकच पायदळ उभं राहिलं. सीमा राखायची, पुरात माणसं काढायची, अशी मोठमोठी कामं त्याच्या माथी मारली गेली. पण आधी धड चालायला तर हवं! डोंगराकडचे पहिलं पाऊल उजवं टाकत, नदीकाठचे डावं. सरकारनं डावं ठरवलं आणि कवायत शिकवायला नेमलं उस्तादांना, म्हणजे पक्क्या डोंगराकडच्या माणसाला.

उस्तादांच्या आवाजानं बराकीच्या पत्र्यावरचे कावळे उडत. मन मात्र भारी मऊ. कुणाच्या पायाला फोड आला, की शिव्या घालत स्वतःच मलम लावायचे. जवानांकडून डावं पाऊल घोटून घेत, पण 'चल!' म्हटलं की स्वतःचं उजवंच पुढे जाई. जन्माची सवय हुकमानं थोडीच सुटते? जवान गालातल्या गालात हसत. तेही डोंगराकडचे वेगळे, नदीकाठचे वेगळे. जेवायलासुद्धा अजून वेगळेच बसत.

पहिलं जाहीर संचलन तोंडावर आलं. पलटणीच्या साहेबांनी बजावलं, "उस्ताद, तुम्ही पहिल्या रांगेत असणार. पाऊल चुकलं, तर कवायत दुसऱ्याकडे देईन."

उस्तादांची झोपच उडाली. या जवान पोरांना सोडून ते करणार काय? रोज संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात पळी उगारून उभी राही.

"अहो, डावा! घड्याळ बांधता तो हात आठवा की!"

"हातानं चालू का मी?"

"चाला, तसं तरी जमतंय का बघू!"

संचलनाच्या दिवशी हुकूम सुटला आणि उस्तादांचं डावं पाऊल बिनचूक पुढे पडलं. त्यांना हायसं वाटलं. मग शेजारच्या नदीकाठच्या जवानाकडे लक्ष गेलं. त्याचं उजवं पडलं होतं. पलीकडच्याचंही. आख्ख्या पलटणीचं!

"अरे गाढवा, हे काय?" ते पुटपुटले.

"उस्ताद, तुम्ही चुकणारच, म्हणून कालच ठरवलं सगळ्यांनी. एकट्याला बोल लागायला नको."

उस्तादांना भरून आलं. समोर मंचावर साहेब लालबुंद झाले होते. बरोबर चालणारे आता एकटे उस्तादच होते, आणि नुसतं तसंच चालत राहिले असते तरी काम टिकलं असतं. त्यांनी एक लहानशी उडी घेतली, पाय बदलला आणि पोरांच्या पावलाला पाऊल मिळवलं.